वाचकांचे प्रश्न: टोरोंटो परिसरातलं नवं बिऱ्हाड

या महिन्याची पत्रं बहुतेक टोरोंटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागाकडची, किंवा तिकडे निघालेल्यांची आहेत. उत्तरं ऑन्टारियोच्या कायद्याला धरून दिली आहेत. ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टात डिपॉझिटचे नियमच वेगळे आहेत, तेव्हा तिकडच्या वाचकांनी ती जशीच्या तशी लावू नयेत.

पुढच्या महिन्यात आम्ही चौघं पर्मनंट रेसिडेंट म्हणून पुण्याहून येतोय. ब्रॅम्प्टनमधलं एक बेसमेंट ऑनलाइन पसंत पडलंय. मालक म्हणतो, मी सध्या देशाबाहेर आहे, दोन महिन्यांचं भाडं पाठवा, चावी कुरिअर करतो. घर इथूनच पक्कं करून निघावं का? (पुणे)

एक पैसाही पाठवू नका. ‘मी बाहेर आहे, चावी कुरिअरने येईल’ हे वाक्य फसव्या जाहिरातींत इतकं ठरलेलं आहे की तेवढ्यावरच बोलणं थांबवावं. दुसरी खूण भाड्याची: शेजारच्या तशाच घरांपेक्षा तीन-चारशे डॉलरने स्वस्त. फोटो गूगल लेन्समध्ये टाकून पाहा. बरेचदा ते कुठल्यातरी जुन्या विक्रीच्या जाहिरातीतले निघतात. व्हिडिओ कॉलवर घर फिरून दाखवलं म्हणजे दाखवणारा मालक ठरत नाही. चार दिवसांसाठी भाड्याने घेतलेलं घरही तसं दाखवता येतं. आणि इंटरॅक ई-ट्रान्सफर समोरच्याने एकदा खात्यात जमा करून घेतली की परत फिरवता येत नाही.

येताना तीन-चार आठवड्यांची तात्पुरती सोय करा, घर इथे येऊन, आत उभं राहून बघा. तेवढ्या दिवसांत नोकरी कुठल्या बाजूला मिळतेय, बस किती वेळाने येते, हेही कळतं. बस तासाला एक असेल तर स्वस्त घर महाग पडतं.

पुण्यातून निघण्याआधी हे जमवा: दोघांची नोकरीची पत्रं आणि शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, सध्याच्या घरमालकाचं किंवा सोसायटीचं ‘भाडं/मेंटेनन्स वेळेवर भरत होते’ असं सहीचं पत्र, मुलांच्या लसीकरणाची नोंद, शाळेचे दाखले. सगळं इंग्रजीत. आरटीओकडून लायसन्सचा उताराही घ्या. ऑन्टारियोत तुमचं लायसन्स पहिले 60 दिवसच चालतं. पुढे जी-वनची (शिकाऊ लायसन्सची) लेखी परीक्षा द्यावी लागते, पण अनुभव दाखवता आला तर रोड टेस्टआधीची बारा महिन्यांची वाट वाचते.

दागिन्यांचं विसरू नका. विमानतळावर कस्टम्सला सोबतच्या आणि मागाहून येणाऱ्या अशा दोन्ही वस्तूंची यादी द्यायची असते. लॉकरमधला राणीहार पुढच्या दिवाळीला आणणार असाल तर तोही आजच, फोटो आणि सोनाराच्या मूल्यांकनासह, मागाहून येणाऱ्या यादीत लिहा. यादीत नसलेल्या वस्तूवर पुढे कर द्यावा लागू शकतो. 10,000 कॅनडियन डॉलर किंवा त्याहून जास्त रोख सोबत असेल तर ती जाहीर करावीच लागते.

पीआर कार्ड टपालाने येतं. तात्पुरता पत्ता दिला असेल तर नवं घर मिळताच तो बदला. 180 दिवसांत कॅनडातला पत्ता कळवला नाही तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा फी.

भाडं 2,100 डॉलर ठरलंय. मालक मागतोय: पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं, शिवाय सहा महिन्यांचं आगाऊ, 500 डॉलर डॅमेज डिपॉझिट, बारा पुढच्या तारखांचे चेक आणि आमचा सिन (सोशल इन्शुरन्स) नंबर. क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून एवढं, असं म्हणतो. हे रीतसर आहे का? (ब्रॅम्प्टन)

या यादीतल्या पहिल्या दोनच गोष्टी तो सक्तीने मागू शकतो. म्हणजे 4,200 डॉलर, बस्स.

ऑन्टारियोत भाड्याचं डिपॉझिट जास्तीत जास्त एका महिन्याचं, आणि ते फक्त शेवटच्या महिन्याच्या भाड्यासाठी. भिंतीला भोक पडलं म्हणून त्यातून पैसे कापता येत नाहीत. त्यावर मालकाने दरवर्षी व्याज द्यायचं असतं आणि दर त्या वर्षीच्या भाडेवाढीच्या मर्यादेइतका: 2025 साठी 2.5 टक्के, 2026 साठी 2.1 टक्के. 2,100 वर 2.1 टक्के म्हणजे 44 डॉलर 10 सेंट. रक्कम छोटी आहे, पण मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही.

डॅमेज डिपॉझिट बेकायदा आहे. आपल्याकडे ‘हेवी डिपॉझिट’ची सवय असल्याने 500 डॉलर म्हणजे काहीच नाही असं वाटतं आणि लोक देऊन मोकळे होतात. किल्लीचं डिपॉझिट घेता येतं, पण ते परत मिळायला हवं आणि नवी किल्ली करायच्या खऱ्या खर्चापेक्षा जास्त नको. पुढच्या तारखांचे चेक तुम्ही सोयीसाठी देऊ शकता. सक्ती करता येत नाही. सिन नंबर घरमालकाला देणं बंधनकारक नाही. क्रेडिट तपासणी नाव, जन्मतारीख आणि पत्त्यावरही होते, तेव्हा तो आकडा अर्जात रिकामा ठेवा.

आता अडचणीची बाजू. कायदा तुमच्या बाजूने असला तरी त्याच घराला आणखी दहा अर्ज आलेले असतात, आणि ‘नियम असा आहे’ म्हणणाऱ्या कुटुंबाला फोन परत येत नाही. म्हणून नियमाचा कागद पुढे करण्याआधी मालकाची भीती कशाची आहे ते ओळखा. त्याला पाचव्या महिन्यात भाडं थकण्याची धास्ती असते. वर्षभराचं भाडं भागेल एवढी शिल्लक दाखवणारं बँकेचं पत्र, जुन्या घरमालकाचं पत्र आणि इथे कमावणारा एखादा जामीनदार, हे तिन्ही एका पीडीएफमध्ये पहिल्याच भेटीत दिलं तर आगाऊ भाड्याचा विषय बरेचदा निघतच नाही. क्रेडिट हिस्टरी नसणं म्हणजे खराब असणं नव्हे, असंच ऑन्टारियोच्या मानवाधिकार आयोगाचं धोरण सांगतं. मुलं आहेत म्हणून घर नाकारणंही बेकायदा आहे. एकट्या मालकाचं जमेना तर भाड्यासाठीच बांधलेल्या मोठ्या इमारतींच्या कार्यालयात जा. तिथली पद्धत ठरलेली असते आणि नवख्यांचे अर्ज त्यांना रोजचे.

करार सरकारी नमुन्यावरच करा. 30 एप्रिल 2018 पासून तो बहुतेक खासगी घरांना सक्तीचा आहे. वर्ष संपलं की घर सोडावं लागतं, हा अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर वाढलेल्या माणसाचा समज. इथे वर्ष संपल्यावर तोच करार आपोआप महिना-महिन्याने पुढे चालतो, नवी सही लागत नाही. सोडायचंच असेल तर 60 दिवसांची लेखी नोटीस द्या.

सही करण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा: या घरात पहिल्यांदा कुणी राहायला कधी आलं? 15 नोव्हेंबर 2018 नंतर प्रथम वापरात आलेल्या घरांना भाडेवाढीची सरकारी मर्यादा लागू नाही. तिथे बारा महिन्यांतून एकदाच आणि 90 दिवसांच्या लेखी नोटिशीनेच वाढ करता येते, पण किती करायची याला लगाम नाही. नव्या कोऱ्या कॉन्डोचं भाडं पहिल्या वर्षी आवाक्यातलं वाटतं आणि दुसऱ्या वर्षी गळ्याशी येतं, ते यामुळे.

डिपॉझिट बेकायदा घेतलं गेलंच असेल तर एका वर्षाच्या आत लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाकडे टी-वन अर्ज करून ते परत मागता येतं. म्हणून रोख देऊ नका, आणि द्यावंच लागलं तर पावती घ्या. पावती मागितली की ती फुकट देणं मालकाला बंधनकारक आहे.

बेसमेंट बघायला जाताना नेमकं काय बघायचं? आम्हाला सगळी सारखीच दिसतात. (मिसिसागा)

टॉर्च आणि मोजपट्टी घेऊन जा, आणि शक्य असेल तर पावसाच्या दुसऱ्या दिवशी.

आधी खिडकी. बेडरूमची खिडकी आतून, किल्ली किंवा अवजाराशिवाय, पूर्ण उघडते का आणि त्यातून मोठा माणूस बाहेर पडू शकेल का, हे करून बघा. बाहेरच्या खड्ड्यात बर्फ साचलं तर काय, तेही विचारात घ्या. स्वयंपाकघरात आग लागली आणि जिना त्याच बाजूला असला तर तीच एक वाट उरते. छताला आणि झोपायच्या खोल्यांबाहेर धुराचा अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. बटण दाबून वाजवून बघा. छत 1.95 मीटर, म्हणजे साधारण सहा फूट पाच इंच, भरलं पाहिजे. डक्टखाली वाकून जावं लागत असेल तर ते बेसमेंट परवान्याचं असण्याची शक्यता कमी.

मग ओल. रंग नवा असेल तर जास्तच संशय घ्या. भिंतीच्या तळाची लाकडी पट्टी फुगलीय का, कोपऱ्यातला गालिचा उचलल्यावर कुबट वास येतो का, फर्नेसच्या (घर गरम करणाऱ्या भट्टीच्या) खोलीतल्या उघड्या काँक्रीटवर मिठासारखी पांढरी भुकटी आहे का. ती भुकटी म्हणजे भिंतीतून पाणी झिरपून वाळल्याची खूण. कोपऱ्यात डीह्युमिडिफायर चालू दिसला तर त्याची टाकी किती वेळा रिकामी करावी लागते ते सहज विचारा. उत्तर देणारा खरं बोलून जातो.

गरम हवेचा थर्मोस्टॅट बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर असतो आणि तो वरचं कुटुंब त्यांच्या सोयीने फिरवतं. ऑन्टारियोच्या नियमात 1 सप्टेंबर ते 15 जून किमान 20 अंश सेल्सिअस तापमान ठेवणं मालकावर आहे. शहराचा स्वतःचा नियम असेल तर तो लागतो. दहा डॉलरचा थर्मामीटर आणि त्याचे तारखेसह फोटो हा सगळ्यात उपयोगी पुरावा.

‘प्लस हायड्रो’ म्हणजे पाणी समजू नका. इथे हायड्रो म्हणजे वीज. ‘युटिलिटी 30 टक्के’ असेल तर वीज, गॅस, पाणी यांतल्या कशाकशाचे 30 टक्के ते करारात लिहून घ्या आणि मागच्या हिवाळ्याची बिलं बघा. एकूण बिल 450 डॉलर आलं तर तुमचे 135, आणि ते भाड्याच्या वर.

चिमणीचंही बघा. गॅसच्या वरचा पंखा हवा खरंच बाहेर टाकतो की जाळीतून फिरवून पुन्हा खोलीत सोडतो? पंख्यावर कागदाचा तुकडा धरा आणि बाहेरच्या भिंतीवर झडप शोधा. झडप नसेल तर मोहरी-हिंगाची फोडणी बसली की पाचव्या मिनिटाला अलार्म वाजणार. तो वाजतो म्हणून बॅटरी काढून ठेवण्याची पद्धत आपल्या घरांत फार आहे. तो गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही.

शेवटी गाद्या. रस्त्याकडेला ठेवलेली फुकट गादी किंवा सोफा आणू नका. शिवणीत काळ्या शाईच्या टोकाएवढे ठिपके म्हणजे ढेकूण, आणि इथल्या ढेकणांना घालवायचा खर्च नव्या गादीपेक्षा कितीतरी जास्त. लाकडी टेबल-खुर्च्या जुन्या चालतील, कापडी काही नको.

बेसमेंटची नोंद आहे का ते ब्रॅम्प्टनसारख्या शहरांत नगरपालिकेच्या यादीत पाहता येतं. नोंद नसलेल्या घरातही भाडेकरूचे हक्क शाबूत राहतात, पण नगरपालिका ते रिकामं करायला लावू शकते. आणि एक फरक लक्षात ठेवाच: स्वयंपाकघर किंवा बाथरूम मालकाबरोबर वाटून घ्यायचं असेल तर भाडेकरू कायदा तुम्हाला लागूच होत नाही. एका खोलीचा ‘घरगुती’ सौदा करताना हे कुणी सांगत नाही.

मालकाने व्हॉट्सॲपवर लिहिलंय, मुलगा राहायला येतोय, महिनाअखेर घर सोडा. एका फॉर्मवर सहीही मागतोय. (टोरोंटो)

फॉर्मचा नंबर बघा. एन-इलेव्हन असेल तर सही करू नका. तो ‘आम्ही दोघांच्या संमतीने करार संपवतोय’ असं सांगणारा कागद आहे आणि सही केली की तुमची बाजू बरीच लंगडी होते. स्वतःच्या किंवा मुलाच्या वापरासाठी घर हवं असेल तर एन-ट्वेल्व्ह नोटीस, 60 दिवसांची मुदत आणि साधारणपणे एका महिन्याच्या भाड्याइतकी भरपाई द्यावी लागते. वर्षाचा करार चालू असेल तर तो संपेपर्यंत तसं काढता येत नाही. व्हॉट्सॲपचा मेसेज नोटीस नव्हे. नोटीस मिळाली तरी बोर्डाचा आदेश निघेपर्यंत तुम्ही राहू शकता, आणि आदेशानंतरही बाहेर काढण्याचा अधिकार फक्त शेरीफचा, म्हणजे कोर्टाच्या अधिकाऱ्याचा. कुलूप बदललं तर ते मालकाला महागात पडेल. 211 वर फोन करून जवळचं कम्युनिटी लीगल क्लिनिक विचारा. कमी उत्पन्न असेल तर सल्ला फुकट मिळतो. तोवर भाडं मात्र एक दिवसही चुकवू नका. थकबाकी झाली की एन-फोर नोटीस हातात पडते आणि तुमची चांगली बाजू वाया जाते.

दोघांनाही अजून नोकरी नाही. मुलं 4 आणि 9 वर्षांची. सुरुवातीला सरकारकडून काय मिळू शकतं, आणि कशानंतर काय करायचं? (ब्रॅम्प्टन)

पहिल्या आठवड्यात दोघांचे सिन नंबर, दोघांची स्वतंत्र बँक खाती. त्यानंतर लगेच चाइल्ड बेनिफिट. पहिलं टॅक्स रिटर्न भरेपर्यंत थांबायचं असतं असं समजून लोक सहा-आठ महिने गमावतात. पीआर कुटुंबाला येताक्षणी अर्ज करता येतो: आरसी-66 आणि सोबत नवागतांसाठीची आरसी-66 एससीएच ही पुरवणी. पुरवणीत येण्याआधीचं भारतातलं उत्पन्न कॅनडियन डॉलरमध्ये लिहायचं असतं. तो रकाना रिकामा सोडला की अर्ज अडकतो. उत्पन्न शून्य असेल तर शून्य लिहा.

जुलै 2025 ते जून 2026 या वर्षात सहा वर्षांखालच्या मुलाला जास्तीत जास्त 7,997 डॉलर आणि 6 ते 17 वयाच्या मुलाला 6,748 डॉलर. तुमच्या दोघांचे मिळून 14,745, म्हणजे महिन्याला सुमारे 1,229. कुटुंबाचं उत्पन्न 37,487 डॉलरच्या वर गेलं की रक्कम हळूहळू घटते. आई-वडील एकत्र राहत असतील तर मुलांचा सांभाळ आई करते असं गृहीत धरून अर्ज आईच्या नावे घेतला जातो आणि पैसे तिला मिळतात, म्हणून तिचं स्वतःचं खातं हवंच. वर्क परमिट किंवा स्टुडंट परमिटवर आलेल्यांना मात्र 18 महिने राहिल्यानंतर, एकोणिसाव्या महिन्यात परमिट वैध असेल तर हक्क मिळतो.

हेल्थ कार्डासाठी पूर्वी तीन महिने थांबावं लागे. 2020 पासून ती अट नाही. ओळख, इमिग्रेशन स्टेटस आणि ऑन्टारियोतला पत्ता अशी तीन मूळ कागदपत्रं घेऊन सर्व्हिस ऑन्टारियोत जा. पुढे दरवर्षी 30 एप्रिलपर्यंत दोघांनीही रिटर्न भरा, कमाई शून्य असली तरी. एकाने नाही भरलं तर जुलैपासून चाइल्ड बेनिफिट थांबतं. मार्च-एप्रिलमध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना स्वयंसेवक रिटर्न फुकट भरून देतात.

इंजिनिअर आहे, पण सध्या वेअरहाऊसमध्ये लागावं म्हणतो. एकदा तिथे गेलं की अडकतो असं सगळे सांगतात. (मिसिसागा)

अडकवतं ते कामाचं वेळापत्रक. 1 ऑक्टोबर 2025 पासून किमान वेतन तासाला 17.60 डॉलर. आठवड्याला 40 तास धरले तर महिन्याला साधारण 3,050, कर कापण्याआधी. 2,100 भाडं दिल्यावर चौघांचं त्यात भागत नाही, म्हणून माणूस ओव्हरटाइम घेतो आणि अर्ज करायला वेळ उरत नाही. ठरवून रात्रपाळी किंवा चार दिवसांचं काम घ्या आणि उरलेला दिवस अर्ज आणि मुलाखतींसाठी राखा.

एजन्सीमार्फत लागत असाल तर तिचा परवाना श्रम मंत्रालयाच्या यादीत बघा. 1 जुलै 2024 पासून तो सक्तीचा आहे. काम देण्यासाठी कामगाराकडून फी घेणं बेकायदा आहे. रोख पगार नको. पे-स्टब (पगाराची स्लिप) नाही तर पुढचं घर घेताना उत्पन्न काय दाखवणार? एम्प्लॉयमेंट इन्शुरन्ससाठीही (नोकरी गेल्यावरचा भत्ता) नोंद नसलेले ते तास सिद्ध करणं अवघड जातं.

इंजिनिअरच्या लायसन्ससाठी कॅनडातल्या एक वर्षाच्या अनुभवाची अट प्रोफेशनल इंजिनिअर्स ऑन्टारियोने 2023 मध्ये काढून टाकली. लायसन्स लागतं ते मात्र सही-शिक्क्याच्या कामाला. सॉफ्टवेअर, क्वालिटी, प्रोजेक्ट अशा बऱ्याच जागांना ते लागत नाही. 1 जानेवारी 2026 पासून 25 किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना जाहिरातीत ‘कॅनडियन अनुभव हवा’ असं लिहिता येत नाही. मुलाखतीत हा प्रश्न तरीही आडून येतोच, तेव्हा त्याच्या उत्तराची तयारी करा.

भाच्याचं कुटुंब येतंय. आमच्याकडे उतरणार. मदत तर करायचीय, पण किती आणि कशी? त्याच्या घराला जामीन राहायलाही सांगतोय. (मार्खम)

येण्याआधीच फोनवर तारीख ठरवा: ‘तीन आठवडे आमच्याकडे, मग तुमचं घर.’ आल्यावर हे बोलणं जड जातं. फोनचं सिम त्यांच्याच नावावर घ्यायला लावा, तुमच्या फॅमिली प्लॅनमध्ये घालू नका. बँकेचे कोड त्याच नंबरवर येतात. कार्यालयात सोबत जा, पण खिडकीपाशी त्यांना बोलू द्या. आणि त्याच्या बायकोला घरात ठेवून फक्त भाच्याला गाडीतून फिरवू नका. तिचा सिन, तिचं खातं, तिची जी-वन परीक्षा त्याच आठवड्यात.

क्रेडिट कार्ड बँकेच्या नवागत योजनेतून त्यांच्या नावावर निघतं. मर्यादा 1,000 असेल तर 300 च्या आत वापरून तारखेआधी पूर्ण भरायचं, एवढं सांगा.

जामीन राहायचं तर कागद वाचून. नुसतं ‘गॅरंटर’ म्हणून सही केली आणि मुदत लिहिली नाही, तर करार महिना-महिन्याने पुढे सरकत असतानाही मालक तुमच्याकडे बोट दाखवू शकतो. जबाबदारी पहिल्या बारा महिन्यांपुरती आणि फक्त भाड्यापुरती, कमाल रक्कम अमुक, असं लिहून घ्या. भाडं थकल्यास मालकाने सात दिवसांत तुम्हालाही ईमेल करावा, ही ओळ घालायला सांगा. तीन महिन्यांनी एकदम 6,300 डॉलरची मागणी दारात येण्यापेक्षा पहिल्याच महिन्यात भाच्याला फोन करणं सोपं. आणि भाच्याला टेनंट इन्शुरन्स घ्यायला लावा. त्याच्या स्वयंपाकघरातल्या आगीने वरच्या मजल्याचं नुकसान झालं तर मालकाची विमा कंपनी ते त्याच्याकडून वसूल करायला येऊ शकते.